बेडकीच्या गिअरला बटाटा

आमच्या गाडीचा दुसरा गिअर परगावी राहायचा. पहिल्यातून निघालं की दुसऱ्यापर्यंत पोचायला शिदोरी बांधून घ्यावी लागे. वाटेत एक मुक्काम. पोचून दार वाजवावं, तर आतून आवाज यायचा, "आज घरी नाही, उद्या या."

असं मी ह्यांना सांगायची. आणि हे मान हलवून विचारायचे, "मुक्कामाला पांघरूण होतं का?"

हे म्हणजे माझा नवरा. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहिले. टर्नर. लोखंडावरून नुसतं बोट फिरवून सांगायचे, केसभर जास्त आहे, अजून एक हात मारा. कारखाना सुटला आणि चार वर्षांनी डोळ्यांनी दगा दिला. अगदी अंधार नाही, पण मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला रडू फुटलं. हे म्हणाले, "अगं रडतेस काय? तुझ्या बहिणीचं नाक मला तसंही बघवत नव्हतं."

गाडी मी चालवते. पहिल्यापासून मीच. ह्यांचा जन्म सायकलवर गेला. गाडी हिरवी आहे आणि निघताना एक उडी मारल्याशिवाय निघत नाही, म्हणून तिचं नाव बेडकी. रोज सकाळी घरातलं आवरलं की आम्ही दोघं बेडकीतून निघतो. काम काही नसतं. पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं, पलीकडून उतरायचं, नदीकाठच्या रस्त्याने परत यायचं. मी चालवते आणि जे दिसेल ते ह्यांना सांगते.

आता जे दिसतं ते तसंच सांगायला मी काय पोलीस आहे? सायकलवरून एक माणूस कपाट घेऊन चालला असेल, तर मी म्हणते, "अहो, कपाट घेऊन चाललाय, आणि आत सासू बसलीय."

"बसलीय की उभी?"

"बसलीय. मांडीवर शिवणाचं मशीन आहे."

"मग चढावर उतरवायला हवी तिला," असं म्हणून हे काळजी करतात. पुढचा अर्धा किलोमीटर त्या सासूचं काय करायचं यात जातो. ह्यांना माहीत असतं कपाट खरं आणि सासू माझी. पण डोळ्यांनी पाठ फिरवल्यापासून ह्यांचा सगळा रस्ता माझ्या तोंडून येतो, आणि तो जरा भरगच्च आलेला त्यांना आवडतो.

तर ही झाली बेडकी. आणि आता अंगठा.

थंडी पडायला लागली तसा माझ्या गिअरच्या हाताचा अंगठा दुखायला लागला. अंगठा मनगटाला जिथे मिळतो ना, तिथे. आधी नुसता कुरकुरायचा. मग मूठ आवळली की कळ थेट कोपरापर्यंत. डब्याचं झाकण उघडेना, पिळलेला कपडा पिळलेला वाटेना. आणि पहिल्यातून दुसऱ्यात गिअर ओढताना तर डोळ्यांपुढे काजवे.

दांडीत काही खोट नव्हती. पण मी खोट दांडीवर ढकलली. कारण आमची लेक.

लेक दोन गल्ल्या सोडून राहते, शाळेत शिकवते, आणि आम्हालाही पहिलीत बसलेलं समजते. वर्षभर तिचं एकच टुमणं, "आई, आता बास. मी एक चांगला ड्रायव्हर बघते. मागे बसा दोघं आरामात." ड्रायव्हर चांगलाच मिळाला असता, त्यात शंका नाही. डावीकडे वळताना डावीकडे बघणारा. पण तो ह्यांना सासू दाखवणार होता का? आणि त्याच्या पाठीमागे बसून मी काय सांगणार? परक्या माणसाच्या मानेकडे बघून मला दोन वाक्यंसुद्धा सुचत नाहीत. अंगठ्याचं नाव तोंडातून निघालं असतं तर लेकीने त्याच दिवशी किल्ल्या नेल्या असत्या. म्हणून अंगठा राहिला पदराखाली, आणि दुसरा गिअर गेला परगावी.

एक दिवस मी आंघोळ करून बाहेर आले, तर बेडकी जागेवर नाही आणि हेही नाहीत. म्हटलं, कडेकडेचं दिसतं म्हणून कडेकडेने घेऊन गेले की काय!

तासाभराने दोघं आली. गाडी उस्ताद चालवत होती. उस्ताद म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजची मालकीण. बापाच्या हाताखाली शिकली, आता बापापेक्षा वरचढ. दंडाला दंड लावला तर माझे चार बसतील. शेजारी हे, लग्नातल्यासारखे ताठ बसलेले.

"बस आत," हे म्हणाले. "दुसरा गिअर परगावी होता ना? शेजारी आणून ठेवलाय."

बघते तर लांब दांडी गायब. तिच्या जागी वीतभर आखूड दांडी, आणि तिच्यावर पोलादी गोळी. लिंबाएवढी, आरशासारखी चकचकीत. हल्ली तरुण मुलं जोरात गाड्या हाकायला अशी दांडी बसवतात म्हणे. हात जरासा हलवला की गिअर पडला.

"उस्तादकडे दांडीवर लावायच्या खोकंभर मुठी होत्या," हे सांगत होते. "लाकडी, रबरी, काचेत फूल घातलेली. मी सगळ्या हातात घेऊन पाहिल्या. पण ही गोळी काय कातलीय! एक ओरखडा नाही. म्हटलं, तुला ही."

मी गोळी धरली. थंडगार. क्लच दाबला, दुसरा टाकला, आणि माझ्या आज्जीची आज्जी आठवली. अंतर कमी झालं होतं हे खरं. पण जोर दुप्पट लागत होता, आणि तो सगळा त्या इवल्या गोळीवर, म्हणजे अंगठ्यावरच.

"कसा वाटतो?" हे विचारत होते. चेहरा माझ्याकडे, नजर जरा बाजूला, मी कडेने दिसावी म्हणून.

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं?

"लोणी," मी म्हटलं. "अहो, लोण्यात सुरी फिरवल्यासारखा."

तीन दिवस ह्यांनी गल्लीभर लोणी वाटलं. पेपरवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, समोरच्या मुक्या काकांनाही सांगितलं. आणि मी बेडकीशी लबाडी करायला लागले. तिसऱ्यात टाकली की तिसऱ्यातच ठेवायची. वळण येवो, गतिरोधक येवो, तिसरा. बेडकी म्हातारीसारखी घुरघुरायची. बंद पडली की मी म्हणायची, "बदकीण चाललीय, अकरा पिल्लं घेऊन. थांबायलाच हवं."

"काल नऊ होती," हे म्हणाले.

"दोन आज झाली."

हे हसले, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा. चाळीस वर्षं मशीनचा आवाज ऐकलेला माणूस. इंजिन कुठल्या गिअरमध्ये रडतंय ते त्यांना कळत नसेल?

आणि नेमकी त्याच आठवड्यात लेक आमच्याबरोबर आली. तिला टाकीपलीकडे सोडायचं होतं, मागे बसली. टाकीचा चढ म्हणजे तुम्हाला सांगते, त्या चढावर ढगसुद्धा ढकलून न्यावे लागतात. मध्येच पुढचा टेम्पो थांबला. मी थांबले. निघायला पहिला टाकायचा, तर अंगठ्याने साफ नाही म्हटलं. मी स्टिअरिंग सोडलं, वाकले, आणि दुसऱ्या हाताने गोळी ढकलली. तेवढ्यात बेडकी मागे घरंगळली. मागून हातगाडीवाला ओरडला, लेक त्याच्याहून मोठ्याने ओरडली. हँडब्रेक ओढला तेव्हा हातगाडी आणि बेडकी यांच्यात एक वर्तमानपत्र सरकलं असतं. आणि ही थाप नाही.

संध्याकाळी लेक घरी आली. चप्पलसुद्धा न काढता टेबलाशी उभी राहिली.

"आई, रविवारी किल्ल्या मला दे."

"अगं, त्या टेम्पोतून एक बोकड..."

"बोकड नव्हता, आई. मी मागेच बसले होते. तुला आता झेपत नाही, एवढंच आहे."

तेवढ्यात हे मध्ये पडले. "तिला काही बोलू नकोस. चूक माझी आहे. दांडी अजून लांबच राहिली असणार, म्हणून तिला वाकावं लागलं. उद्याच उस्तादकडे जातो आणि अजून दोन बोटं छाटून घेतो."

अजून दोन बोटं! मला डोळ्यांपुढे दिसलं, दर आठवड्याला हे प्रेमाने दांडी छाटणार, आणि शेवटी गिअर टाकायला मला चिमटा घेऊन बसावं लागणार.

लेक गेली. मी ह्यांच्या शेजारी बसले. ह्यांनीच विचारलं, "काय गं? आज बोकडाचं पुढे काय झालं ते नाही सांगितलंस."

मी त्यांचा हात घेतला आणि त्यांचं बोट माझ्या अंगठ्याच्या मुळाशी ठेवलं. तिथे एक उंचवटा आलाय, मोठ्या वाटाण्याएवढा.

बोट थांबलं. मग हळूच फिरलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग त्यांनी माझा दुसरा हात घेतला आणि त्याचा अंगठाही तसाच तपासला. दोन्हींतला फरक मोजत होते.

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून."

"म्हणजे दुसरा गिअर परगावी नव्हता."

"नव्हता."

"आणि लोणी?"

"लोणी नव्हतं हो. काटे होते."

मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी गोळी निवडताना सगळा वेळ तुझ्या हाताचा विचार करत होतो," हे म्हणाले. "उस्तादने मला बजावलं होतं, काका, ही कडक लागेल. मी म्हटलं, लागू दे, तिचा हात लोखंडाचा आहे."

मला हुंदका आला. त्यांनी माझा अंगठा आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. भट्टीसारखे गरम तळवे त्यांचे, बारा महिने.

"हे बघ," ते म्हणाले. "रस्त्यावर तू हत्ती घाल, सासवा घाल, बदकं घाल. मी विचारणार नाही. पण तुझं तुला काय होतंय ते मला तसंच्या तसं सांगायचं. तेवढं मला दुसरं कोण सांगणार?"

मी हो म्हटलं. नुसतं हो. त्याला शेपूट लावलं नाही.

सकाळी दोघं उस्तादकडे गेलो. मी सगळं सांगितलं. उस्तादने हातातला पाना खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. तेलाची चार बोटं कपाळावर उमटली.

"काकू! काकांना मी विचारलं, नक्की त्रास काय आहे? तर म्हणाले, लांब पडतं म्हणते. दुखतं म्हणाला असतात तर मी बरोब्बर उलटं केलं असतं! पाना लांब असला की घट्ट नटसुद्धा पोर सोडवतं. आखूड पान्याने पैलवानाला घाम फुटतो. तसंच दांडीचं. तुम्हाला आखूड नको, आधीपेक्षाही उंच हवी."

"मग कर उंच," हे म्हणाले.

"उंच करते. खालचे रबरी बुश झिजलेत, ते बदलते. गिअरचं तेल कधी बदललंय देव जाणे, ते बदलते. पण मूठ? काकू, तुम्हाला मूठ आवळताच येत नाही. खोक्यातल्या सगळ्या मुठी आवळायच्याच आहेत."

आम्ही तरी खोकं पालथं घातलं. पेरूसारखी घेतली, दुखलं. लांबट घेतली, दुखलं. काचेत फूल घातलेली बघून तर मला शेजारणीचा पेपरवेट आठवला. हे दरवेळी विचारायचे, "कुठे?" आणि मी सांगायची, "अंगठा", "करंगळीकडे", "नुसतं जड". तसंच्या तसं. अवघड काम आहे हो. दर वेळी जिभेवर काहीतरी रंगीत येई आणि मी ते गिळत असे.

शेवटी ह्यांनी माझी भाजीची पिशवी मागितली. बाजार करून तशीच आले होते ना. पिशवीतून एक मोठा बटाटा काढला, माझ्या तळव्याखाली ठेवला, आणि म्हणाले, "धरू नकोस. नुसता हात टेकव. दारावर टेकवतेस तसा."

टेकवला.

"आता तळव्याने पुढे ढकल. आता बोटं वाकवून मागे ओढ. अंगठ्याला सुट्टी."

त्यांनी उस्तादकडून सुरी घेतली. मी हात टेकवायचा, ते बटाट्यावर बोट फिरवायचे, एक काप काढायचे. परत टेकव, परत काप. वरून सपाट झाला, पुढे जराशी ओठासारखी कड राहिली, बोटं अडकवायला. उस्तादने तोवर उंच दांडी बसवली होती. तिच्या टोकाला आटे होते, त्यावर तिने बटाटा दाबून बसवला.

तर मी गॅरेजच्या अंगणात बेडकीला बटाटा लावून चार फेऱ्या मारल्या. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. गिअर पडताना बटाट्यातून पाणी यायचं आणि माझ्या डोळ्यांतूनही, पण दुखून नाही. उस्ताद पोट धरून हसत होती. "काकू, तिसऱ्यात टाकू नका, भजी होतील!"

मग उस्तादने कोपऱ्यातून टेबलाचा तुटलेला पाय आणला. जुनं, मुरलेलं लाकूड. गॅरेजच्या मागे तिचा छोटा लेथ आहे, त्यावर तो चढवला. हे किती वर्षांनी लेथसमोर उभे राहिले! उस्ताद बटणावर हात ठेवून शेजारी, नजर त्यांच्या बोटांवर. ते थोडं कातायचे, "थांबव" म्हणायचे, ती थांबवायची, मग एक बोट बटाट्यावर, एक बोट लाकडावर. जेवढं गोल होतं तेवढं लेथवर, उरलेलं कानशीने हातात घेऊन. दुपार टळली तरी जेवायचं नाव नाही. मी बोलावलं तर म्हणाले, "आलो, केसभर राहिलंय."

ते केसभर दोन तास चाललं. मधूनमधून बटाट्याला पाणी लावून ठेवावं लागत होतं, सुकून माप चुकेल म्हणून. आत पितळी नट ठोकला, पॉलिश पेपर मारला, तेल चोळलं. मूठ झाली. शोभेला म्हणाल तर शून्य, एखाद्या चपट्या म्हाताऱ्या कासवासारखी. पण मी हात टेकवला आणि तो जाऊन तिथे निजला.

रविवारी लेक आली. किल्ल्या टेबलावर मीच काढून ठेवल्या होत्या.

मी तिला सांगितलं. अंगठा दुखतो, थंडीपासून, लपवलं, दांडी उंच केली, मूठ नवी केली. पाच वाक्यांत.

लेकीने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "आई, खरं सांग."

आयुष्यात पहिल्यांदा अख्खी गोष्ट खरी सांगितली, तर ही तऱ्हा! हे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"टाकीच्या चढावर चल," लेक म्हणाली. "मी मागे बसते. मला बघू दे."

निघालो. उडी मारून पहिला, मग दुसरा, तिसरा. अंगठा गप्प. बाजारातून वळताना परत दुसरा. गप्प. लेक दोन सीटांच्या मधून माझ्या हाताकडे बघत होती, मी रस्त्याकडे. हे माझ्या शेजारी, कान इंजिनला लावून. चढ लागला. अर्ध्यावर मी मुद्दाम थांबले, हँडब्रेक ओढला. आता निघून दाखवायचं होतं. तळवा टेकवून ढकलायला गेले आणि कळ आली. आधीसारखी नाही, पण आली. सकाळपासून थंडी होती, त्यात मी घाबरून हात ताठ केला असणार.

आता बघा. आणखी एकदा दात आवळून ढकललं असतं तर पडला असता गिअर. कुणाला कळलं नसतं. आरशात लेकीचे डोळे. टेबलावरून उचलून आणलेल्या किल्ल्या तिथे समोर लटकत होत्या, उद्यापासून कुणाच्या ते ठरायचं होतं. आणि तोंडात एक मांजर तयार होतं, चाकाखाली बसलेलं, म्हणून थांबलेय म्हणायला.

"दुखतंय," मी म्हटलं. "आत्ता दुखतंय."

मागून एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने.

ह्यांनी हात पुढे केला. माझा हात मुठीवरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि आपला तळवा मुठीवर टेकवला.

"क्लच," ते म्हणाले.

मी क्लच दाबला. त्यांनी पहिला टाकला. आवाजसुद्धा झाला नाही, मेले चाळीस वर्षं मशीनं हाताळलेले हात! मी हँडब्रेक सोडला, बेडकी उडी न मारता निघाली. चढ सरता सरता इंजिन जरा वर गायला लागलं, तसे हे म्हणाले, "दुसरा मागतेय." मी क्लच दाबला, त्यांनी दुसरा टाकला.

टाकीशी गाडी बाजूला घेतली. लेकीने मागून हात घालून माझा अंगठा धरून पाहिला. वाटाणा तिच्या बोटाला लागला. तिने खालचा ओठ चावला, लहानपणी पडल्यावर चावायची तसा.

"मला वाटलं होतं मांजर सांगशील," ती म्हणाली.

"होतं तयार."

"माहितेय." तिने नाक पुसलं. "दुखेल त्या दिवशी मला फोन करायचा. मी येईन, मी चालवेन. न दुखेल त्या दिवशी तुम्ही जा. पण फोन करायचा, आई. तिथे मला गोष्ट नको."

"करीन."

"आणि उद्या डॉक्टरकडे."

"जाईन."

"आणि बाबा, तुम्ही आता मुठीवरचा हात काढा. पुढे चौक आहे, हे असलं चौकात चालायचं नाही."

"काढतो," हे म्हणाले.

काढला, पण जरा वेळाने.